कांबळे सिस्टरांची बॅटरी

कांबळे सिस्टरांच्या गाडीला आवाज नव्हता. ती कसर सिस्टर तोंडानं भरून काढायच्या.

हिवाळ्यात सकाळी मंगळवार पेठेतल्या आमच्या बोळात धुकं थोडं आणि बंबांचा धूर फार, अशी स्थिती असायची. त्या धुरातून एक निळी गाडी मुकाट्यानं पुढं यायची. सायकलीपेक्षा थोराड, स्कूटरपेक्षा किरकोळ. अंगावर येईपर्यंत पत्ता लागायचा नाही, आणि मग एकदम हाळी, "सरका की पावणं! ब्रेक हाय गाडीला, पर माझा काय भरवसा न्हाय!" माणूस दचकून भिंतीला चिकटायचा. सिस्टर त्याच्याकडं न बघता निघून जायच्या. कानावरून गच्च बांधलेला मफलर, स्वेटरवर टाचलेलं घड्याळ, पुढच्या टोपलीत स्वच्छ फडकी, खोबरेल तेलाची बाटली आणि वायर गुंडाळलेला चार्जर.

त्यांचं घर बोळाच्या तोंडाला, आमचं समोर. माझी नोकरी कॉलेजच्या ऑफिसात, सकाळी ठरल्या वेळी निघायचं. त्यामुळे ही स्वारी मी वर्षानुवर्षं पाहिली, आधी पायी आणि मग गाडीवर. त्यांच्याबद्दल सगळं लिहायचं तर पुष्कळ आहे. लहानपण भुदरगडात, शाळा गारगोटीला, मग नर्सिंगचं शिक्षण, पेठेतल्या एका प्रसूतिगृहात आयुष्यभर नोकरी, लवकर गेलेले मिस्टर, एकुलता एक मिलिंद. ते सगळं मी बाजूला ठेवते. मला जे सांगायचं आहे ते बहुतेक त्या गाडीच्या बॅटरीत बसतं.

"कशी आहेस?" असं सिस्टरांनी मला कधी विचारलं नाही. "झोप झाली? पोट साफ हाय?" एवढंच, आणि तेही बोळात, चारचौघांत. शेजारी भाड्यानं राहायला आलेले एक प्राध्यापक पहिल्याच दिवशी या प्रश्नाला सापडले आणि नंतर बरेच दिवस मागच्या दारानं ये-जा करत होते. जगातली कुठलीही गोष्ट सिस्टर बाळंतपणाच्या हिशेबानं बघायच्या. पिकत आलेल्या फणसावर हात ठेवून म्हणायच्या, "ह्याचं दिवस भरलं." कुकरची शिट्टी होत नसली की, "अजून कळा सुरू न्हायीत, उगंच गॅस वाढवू नको." माझा पुतण्या दहावीला दोनदा आपटून तिसऱ्यांदा पास झाला, तेव्हा पेढा तोंडात टाकून त्या म्हणाल्या, "पायाळू निघाला, पर निघाला."

घरात बुद्धाची लहान मूर्ती आणि बाबासाहेबांचा फोटो. सकाळची वंदना झाल्याशिवाय चहा नाही. एकदा चहाला बसल्या की मात्र दारावरून जाणारा कुणीही आत ओढला जायचा.

चहावरून एक गोष्ट सांगायलाच हवी. नव्वद सालानंतरची, म्हणजे सिस्टर अजून नोकरीत असतानाची. बोळाच्या मधल्या घरात अक्काताई राहायच्या. वयानं सिस्टरांपेक्षा पुष्कळ मोठ्या, आवाजानं बरोबरीच्या. त्यांची सून सिस्टरांच्याच हातून बाळंत होऊन घरी आली होती. ड्युटीवरून परतताना सिस्टर बघायला गेल्या. मी डब्यात शिरा घेऊन मागोमाग. खोलीची दारं-खिडक्या बंद, बाजेखाली निखाऱ्यांची शेगडी, वर ओवा आणि वावडिंगाची धुरी. बाळ-बाळंतिणीला शेक द्यायची ही जुनी रीत. आत श्वास घ्यायला जागा नव्हती. सिस्टरांनी आधी खिडकी उघडली. मग पदरानं शेगडीची मूठ धरली आणि शेगडी थेट बोळात नेऊन ठेवली.

"अगं बाई! शेक बंद केलास व्हय? बाळंतीण हाय ती!"

"बाळंतीण हाय, भाकरी न्हवं. शेकताय काय तिला?"

"आमाला चार पोरं झाली शेकावर."

"झाली की. आणि चारी अजून खोकत्यात."

"मग ह्या थंडीत ऊब कशानं द्यायची?"

"कापडानं द्या. आईच्या अंगाशी धरा. पोर जवळ आणि निखारा लांब."

अक्काताईंनी शेगडी परत आत घेतली नाही, पण राग धरला. चहा आला. मला नेहमीच्या कपात आणि सिस्टरांना फडताळाच्या खालच्या फळीवरच्या, वेगळ्या ठेवलेल्या कपात. तेव्हा हे चालायचं, आणि बघणारे न बघितल्यासारखं करायचे. सिस्टरांनी तो कप हातात धरून फिरवून बघितला. आवाज न चढवता म्हणाल्या, "अक्काताई, नातू आदी माझ्या हातात आलाय, मग तुमच्या. आता कप कसला येगळा काढताय?"

सिस्टर चहा न पिता उठल्या. दुसऱ्या दिवशी बाळाची नाळ बघायला मात्र त्याच वेळेला हजर. त्या दिवशी चहा घरच्या कपात आला. दोघींनी त्या विषयावर परत शब्द काढला नाही, आणि पुढची सगळी भांडणं बरोबरीनं झाली.

निवृत्त झाल्यावर सिस्टरांचं काम कमी न होता वाढलं. ज्या मुली त्यांच्या हातावर जन्मल्या होत्या त्याच आता बाळंत होत होत्या, आणि त्यांना सिस्टरच हव्या असायच्या. बाळाला तेल लावणं, पायावर घेऊन अंघोळ घालणं, दूध उतरत नसेल तर ते बघणं, रडणाऱ्या आईला समजावणं आणि समजावणाऱ्या सासूला गप्प करणं. पेठ, राजारामपुरी, पार टेंबलाईच्या चढावरच्या कॉलनीपर्यंत. सगळं पायी किंवा बसनं.

मग गुडघे गेले. बसची पायरी चढता येईना. रिक्षात बसायचं तर आधी वाकायचं आणि मग उचलायचं, तेही जमेना. मिलिंद पुण्याला एका कंपनीत होता. शांत मुलगा, आईच्या बोलण्याची भरपाई म्हणून गप्प राहणारा. दिवाळीला आला तेव्हा माझ्यासमोरच म्हणाला, "आई, तू फिरतेस तोवर फिर. पण ज्या दिवशी तुझं तुला जाता-येता येणार नाही, त्या दिवशी घर बंद करून पुण्याला यायचं. कबूल?"

"कबूल," सिस्टर म्हणाल्या.

तो गेल्यावर मात्र माझ्या ओट्यावर येऊन बसल्या. "पोरगा चांगला हाय गं सुनंदा. सूनबी चांगली हाय. पर तिथं मी कोण? मिलिंदची आई. चौथ्या मजल्यावर बसून खालच्या मोटारी बघायच्या. हितं मला बाया हाका मारत्यात. हाका बंद झाल्या की मी संपलो."

आमच्याकडच्या बाया 'आलो-गेलो'च म्हणतात. सिस्टर पुरुषासारख्या बोलतात असं पुण्याच्या सुनेला आधी वाटायचं.

तर ती निळी गाडी आली ती अशी. दोन हजार सालानंतर पाच-सहा वर्षांनी शहरात विजेवरच्या गाड्यांचं एक दुकान निघालं. लायसन लागत नाही, किक नाही, सीट इतकी खाली की पाय जमिनीला टेकतात. सीटखाली बॅटरीचा डबा, त्याला वर मूठ. काढायचा, घरात न्यायचा, पिनेला लावायचा. सिस्टरांनी दुकानाच्या दारातच एक फेरी मारली आणि घेऊन आल्या. बोळातल्या पोरांनी हसून घेतलं.

"सिस्टर, ही गाडी हाय का खेळणं?"

"खेळणं असू दे. तुझ्या फटफटीगत बारक्या पोरांच्या नाकात धूर तर सोडत न्हाय."

उन्हाळा, पावसाळा गाडी झकास चालली. दिवाळी झाली, थंडी पडली आणि गाडीनं रंग दाखवला. बाळाची अंघोळ सकाळची, त्यामुळे गाडी भर थंडीतच काढावी लागायची. रात्रभर ती ओट्याखाली उघड्यावर, बॅटरीसकट. एका सकाळी टेंबलाईच्या चढावर ती अर्ध्यात थांबली. मागून येणारा दूधवाला उतरला.

"सिस्टर, ढकलू का?"

"मला ढकल न्हायतर गाडीला ढकल, कुणाला तरी एकीला ढकल बाबा."

त्यानं कॅन उतरवून ठेवले आणि दोघींना चढवलं. सिस्टर अंघोळ घालून आल्या, पण संध्याकाळी पुण्याहून फोन आलाच. बोळात बातमी टिकत नाही.

"आई, गाडी बंद पडली म्हणे?"

"गाडी बरी हाय. बॅटरी गारठली जरा."

"आणि तू?"

"मी काय गारठतोय? मी स्वेटर घातलाय."

हसत बोलल्या, पण फोन ठेवल्यावर बराच वेळ त्या निळ्या गाडीकडं बघत उभ्या होत्या. ही गाडी थंडीत चालली नाही तर पुढं काय, ते त्यांना आणि मला दोघींना ठाऊक होतं.

दुसऱ्या दिवसापासून उपचार सुरू झाले. बॅटरी घरात आली, हे बरोबर. तिच्याखाली लाकडी पाट, हेही बरोबर. मग अंगावर गोधडी आली. ती चार्जिंगला लावली तरी गोधडी तशीच. मग एका संध्याकाळी मी वाटीभर डाळ द्यायला गेले, तर दारातच अक्काताई कमरेवर हात ठेवून उभ्या. आत बघते तर बाज, बाजेवर गोधडीत गुंडाळलेली बॅटरी, गोधडीतून बाहेर आलेली चार्जरची वायर, आणि बाजेखाली बंबातल्या निखाऱ्यांची शेगडी.

"का ओ सिस्टर," अक्काताई म्हणाल्या, "कुणाचं बाळ हाय हे?"

सिस्टरांनी गोधडीचं टोक आणखी आत खोचलं.

"न्हाय, माझी शेगडी बोळात टाकलीती कुणी तरी. बाळंतीण हाय, भाकरी न्हवं, म्हणालीती."

मी गोधडी बाजूला केली. बॅटरीच्या डब्याची एक बाजू फुगून वर आली होती. हाताला चटका बसेल इतकी गरम. मी आधी पिन काढली.

"पोटात वारं धरलंय," अक्काताई वाकून बघत म्हणाल्या. "ओव्याचा लेप लाव."

आणि मग त्या जे हसायला लागल्या ते त्यांना दाराची चौकट धरावी लागली. सिस्टरांनी पदरानं शेगडीची मूठ धरली, गुडघे सांभाळत उठल्या आणि शेगडी बोळात नेऊन ठेवली. परत आल्या तेव्हा त्याही हसत होत्या. "चुकलं बाई माझं. आयुष्यभर बायांना शिकवलं आणि घरात यंत्र आलं तवा मीच आजी झालो."

ती बॅटरी गेली ती गेलीच. नवी आणायला मी बरोबर गेले. दुकानदारानं फुगलेला डबा बघून विचारलं, काय केलं हिला? दुसरी कुणी असती तर काहीतरी ठोकून दिलं असतं. सिस्टरांनी खरं सांगितलं. "शेक दिला." दुकानदारानं आतल्या दोघांना बाहेर बोलावलं आणि परत सांगायला लावलं. सिस्टरांनी परत सांगितलं.

गाडीबरोबर मिळालेली माहितीपुस्तिका तोवर कपाटात पडून होती. ती इंग्रजीत होती. मी ती घेऊन बसले. मी वाचून मराठीत सांगायची आणि सिस्टर ते आपल्या भाषेत लावून घ्यायच्या.

"बॅटरी रिकामी झाल्यावर तशीच ठेवू नये."

"उपाशी झोपवायचं न्हाय. म्होरं."

"थंडीतून आणल्याबरोबर चार्जिंगला लावू नये. खोलीतल्या हवेला येऊ द्यावी."

"भाईरनं आल्या आल्या अंगावर पाजायचं न्हाय, जरा टेकू द्यायचं. म्होरं."

"चार्जिंग चालू असताना झाकू नये."

"जेवताना पांघरूण न्हाय. म्होरं."

"कोणत्याही उष्ण वस्तूजवळ ठेवू नये."

सिस्टरांनी पुस्तिका स्वतःच्या हातात घेतली. मग म्हणाल्या, "हे मीच सांगत आलोय की गं जन्मभर."

त्या हिवाळ्यापासून बॅटरीची दिनचर्या ठरली. मला ठरलेल्या गोष्टी आवडतात, म्हणून मी ती लक्षात ठेवली. घरी आल्यावर डबा लगेच आत. फरशीवर नाही, पाटावर. आधी स्वतःचे पाय धुवायचे, चहा घ्यायचा. तोवर बॅटरी खोलीच्या हवेला येते. मग चार्जिंग, उघड्यावर, खिडकी किलकिली ठेवून. पिन काढल्यावर वर एक साधी चादर. सकाळी अगदी निघताना डबा गाडीत बसवायचा, आधी नाही. पहिल्या वळणापर्यंत सावकाश. एखादा दिवस कुठं जायचं नसलं तरी तिला उपाशी ठेवायचं नाही. थंडीनं बॅटरी मरत नाही, नुसती आळसावते. मरते ती रिकामी ठेवल्यानं, नाहीतर मायेनं भाजून काढल्यानं. हे वाक्य माझं. सिस्टर म्हणायच्या, "लाड करा, पर लाडानं मारू नका."

राहिला प्रश्न डबा उचलायचा. भरल्या कळशीएवढा जड, आणि गुडघे असे. त्यावर अक्काताईंनी उपाय काढला. त्यांच्या माळ्यावर नातवाचा लाकडी पांगुळगाडा पडून होता, तो त्यांनी स्वतः आणून दिला. गाडीतून डबा सरकवून पांगुळगाड्यावर घ्यायचा आणि त्याला धरून चालत घरात शिरायचं. डबाही जायचा आणि सिस्टरांना टेकूही मिळायचा. संध्याकाळी बोळातून जाणारा नवा माणूस ते बघून थबकायचा. सिस्टर त्याला म्हणायच्या, "बघताय काय पावणं, चालायला शिकवतोय. मला."

ज्या घरी त्या जात तिथंही एक नवी रीत पडली. बाळंतिणीच्या घरी आलेल्या बाईला आधी चहा विचारतात. सिस्टर दारातूनच म्हणायच्या, "मला च्या नको, गाडीला पिन द्या." कोणत्या घरी पिन ओट्याजवळ आहे, कोणत्या घरी देवळीमागं, हे त्यांना पाठ होतं. अंघोळ, तेल, गप्पा होईपर्यंत बॅटरीच्या पोटात चार घास जायचे.

पुढच्या हिवाळ्यात मिलिंद आला. रजा काढून, आणि ठरवून. त्याला कुणीतरी सांगितलं होतं की सिस्टर रस्त्यात गाडी लावून बसलेल्या दिसतात. संध्याकाळी मला बोलावणं आलं. मायलेक समोरासमोर बसले होते आणि मधे पाटावर बॅटरी.

"उद्या टेंबलाईला जाणार आहेस ना?" मिलिंद म्हणाला. "मी मागून येतो. वाटेत बंद पडली तर बॅग भरायची."

"आणि न्हाय पडली तर?"

"तर मी परत विषय काढणार नाही."

"सुनंदा, ऐकलंस?"

ऐकलं होतं. दुसरा दिवस रविवार. मिलिंदनं माझी स्कूटर घेतली, मी मागं बसले. हवा बोचत होती. रस्त्याकडेला टायर पेटवून लोक हात शेकत होते. पुढं सिस्टर, पाठ ताठ, मफलरची दोन टोकं मागं उडत. कुणी सायकलवाला पुढं काढून गेला तरी त्यांनी वेग वाढवला नाही. चढाच्या पायथ्याला चहाची टपरी होती. तिथं त्यांनी गाडी बाजूला घेतली आणि किल्ली फिरवून बंद केली.

मिलिंदनं स्कूटर शेजारी आणली. "थांबलीस, आई."

"थांबलो. बंद पडलो न्हाय."

"त्यात फरक काय?"

"दोन कळांच्या मधी बाई दम खाती. तवा तिला काय घरी पाठवत्यात व्हय? तू सुदा मधी दोनदा थांबलातास. म्हणून काय आलाच न्हाईस?"

टपरीवाल्याला ठसका लागला. मिलिंदचे कान लाल झाले. थंडीनं झाले असं मी धरून चालले. आम्ही चहा घेतला. सिस्टरांनी सीटवर हात ठेवून थोडा वेळ वाट पाहिली. ही बॅटरी दम खाल्ल्यावर परत थोडी जोर धरते, हे पुस्तिकेत नव्हतं. ते त्यांनी स्वतः शोधलं होतं. रस्त्यात गाडी लावून त्या बसलेल्या दिसायच्या, त्या त्यासाठी.

मग चढ. गाडी इतकी सावकाश निघाली की शेजारून जाणारी शेळी तिच्या बरोबरीनं चालली. मध्यावर वेग आणखी कमी झाला. मिलिंद स्कूटर पुढं घेईना, मागं ठेवेना. मला वाटतं तो श्वास धरून होता, आणि कशासाठी धरून होता ते त्याचं त्यालाही सांगता आलं नसतं. सिस्टरांनी दोन्ही पाय खाली सोडले आणि टाचांनी जमिनीला हलके हलके रेटा दिला. गाडी वर आली. दारात उभी असलेली बाळाची आजी ओरडली, "आल्या गं सिस्टर! पाणी काढ!"

"आदी गाडीला जरा टेकू द्या, मग पिन लावा."

न्हाणीत सिस्टर पाटावर बसल्या, पाय लांब केले आणि बाळाला पायावर घेतलं. बाळ पाणी पडताच कोकललं आणि मानेवर हात फिरताच गप्प झालं. आई तीन दिवस झोपली नव्हती. ती भिंतीला टेकून तिथंच डुलक्या घ्यायला लागली. सिस्टर तिच्या सासूला म्हणाल्या, "हिला झोपू द्या. आज भाकऱ्या तुमी." सासू म्हणाली, "व्हय, मीच." असा हुकूम आणि असा होकार मिलिंदनं बहुधा पहिल्यांदाच बघितला. तो दाराबाहेर चौकटीला टेकून उभा होता.

अंघोळ झाली आणि अवघड भाग आला. सिस्टरांना खालून उठता येत नव्हतं. आजी एका काखेत, शेजारीण दुसऱ्या काखेत. या घराला सवय होती. "हं, सिस्टर, धरा."

"बाळ वढल्यागत वढू नका गं. मी आपणहून येतो."

सगळ्या हसल्या, झोपेतली आईसुद्धा. सिस्टर वर आल्या तेव्हा त्यांचं लक्ष दाराकडं गेलं. मिलिंदनं बघितलं होतं. त्याच्या तोंडावर मला आधी काळजी दिसली, आणि नंतर दुसरं काहीतरी. तो पुढं झाला नाही. त्या बायांच्या हातात आई होती आणि त्यांना ती जड झालेली नव्हती.

परतीचा रस्ता उताराचा. गाडी बोळापर्यंत आली आणि दारात येऊन थांबली. मिलिंदनं काही न बोलता सीट उचललं, डबा काढला, पांगुळगाड्यावर ठेवला आणि आत ढकलत नेला. पाटावर ठेवून त्यानं चादर हातात घेतली.

"आत्ता न्हाय," सिस्टर म्हणाल्या. "थांब जरा."

"मग कधी?"

"सांगतो. बस हितं."

तो बसला. जाईपर्यंत त्यानं पुण्याचं नाव काढलं नाही, आणि नंतरही नाही.

एक वर्ष असंच गेलं. पुढच्या थंडीत एका सकाळी सिस्टर नाक पुसत माझ्याकडं आल्या. मला वाटलं सर्दी.

"मिलिंदचा फोन आलता. सून बाळंत झाली. मुलगी."

मी साखर आणायला उठले, तर म्हणाल्या, "बस. पुढचं ऐक. 'आई, इकडं येऊन राहा' असं म्हणाला न्हाय. 'सिस्टर, आमच्याकडं बाळाला अंघोळ घालायला कोण न्हाय, याल का?' म्हणाला. लबाड!"

"मग?"

"मग काय? बोलावणं आलंय. बोलावल्यावर न्हाय म्हणता येतंय व्हय?"

निघायच्या दिवशी अक्काताई काठी टेकत बोळाच्या तोंडापर्यंत आल्या आणि घरी पाडलेल्या काजळाची डबी पुढं केली. "नातीला."

"पोराच्या डोळ्यांत काजळ घालत न्हाय मी, ठाऊक हाय न्हवं?"

"मग तुझ्या डोळ्यांत घाल," अक्काताई म्हणाल्या आणि तोंड फिरवून चालू लागल्या. सिस्टरांनी डबी पिशवीत टाकली.

सिस्टर परत राहायला आल्या नाहीत. नातीमागून नातू झाला, मग त्याच इमारतीतल्या दुसऱ्या मजल्यावर कुणाचं तरी बाळ, मग शेजारच्या इमारतीत. फोनवर त्यांचा आवाज पहिल्यासारखाच मोठा होता. गाडी त्यांनी सांगितल्याप्रमाणे प्रसूतिगृहातल्या एका नव्या सिस्टरला दिली. देण्याआधी तो हिवाळाभर ती माझ्याकडं होती आणि बॅटरीचं सगळं मी वेळच्या वेळी केलं. त्यात विशेष काही नाही. नियम नीट सांगितलेले असले की पाळायला सोपे जातात.

मी त्यांना शेवटचं पाहिलं ते त्या पुण्याला निघाल्या त्या सकाळी, स्टँडवर. पुण्याची एसटी लागलेली. मी बॅग वर टाकून खाली उतरले होते. सिस्टर खिडकीतून मला बॅटरीबद्दल काहीतरी बजावत होत्या आणि बोलता बोलता थांबल्या. त्यांच्या शेजारी एक तरुण बाई येऊन बसली होती, एकटीच, शाल पोटावरून घट्ट ओढलेली. सिस्टरांनी तिच्याकडं एकदा नीट बघितलं. मग पुढचा दांडा दोन्ही हातांनी धरून, वेळ घेत, उठल्या आणि तिला खिडकीपाशी सरकायला लावलं. स्वतःची पिशवी तिच्या पायांखाली टेकू म्हणून दिली. एसटी मागं यायला लागली. मी हात वर केला, पण तो त्यांना दिसला असेल असं मला वाटत नाही. त्यांचं सगळं लक्ष तिच्याकडं होतं. इंजिनच्या घरघरीवरही त्यांचा आवाज खाली फलाटापर्यंत स्वच्छ ऐकू आला.

"कितवा म्हैना?"